पावसाआधी पंप चालू करायचाय, पण कार्बोरेटर पांढरा पडलाय

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या सोसायटीत पाणी भरलं की उपसायला एक जुना पेट्रोलचा पंप आहे. गेल्या पावसाळ्यानंतर कोणी हात लावला नाही, पेट्रोलही तसंच राहिलं. आता कितीही दोरी ओढली तरी चालू होत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकतंय. खालचा कप उघडला तर आत पांढरी पावडर, जेटवर हिरवट थर. एकजण म्हणतो रात्रभर व्हिनेगरमध्ये टाक, दुसरा म्हणतो फेकून नवीन घे. काय करू?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : लगेच फेकू नका, आणि व्हिनेगर तर नकोच. चिंच, लिंबू, व्हिनेगर हे तांब्यापितळेला ठीक, पण पितळेचे फक्त जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, असतात, बॉडी जस्ताच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि आम्ल नेमकं तिलाच खातं. ती पांढरी पावडर म्हणजे या धातूचा गंजच. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबईची पावसाळी हवा तर तुम्हाला माहितीच आहे, पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन कपाच्या तळाशी बसतं आणि महिनोन्‌महिने धातू कुरतडत राहतं.

आधी कॉक, म्हणजे टाकीतून येणारं पेट्रोल अडवणारी चावी, बंद करा, दोरी ओढणं थांबवा आणि इंजिनचं ऑइल बघा. हे बहुतेक लोक विसरतात. कपात तरंगणारा फ्लोट वर आला की त्याची नीडल पेट्रोलची वाट बंद करते, ती अडकली की पेट्रोल बाहेर टपकतं तसं आत सिलिंडरमधून खाली ऑइलमध्येही उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली असेल, ते पातळ झालं असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.

मग कार्बोरेटर काढा, पण स्प्रिंग आणि तारा कुठल्या भोकात आहेत त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. काम उघड्यावर करा, पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून जवळपास गॅस, अगरबत्ती, काहीही पेटतं नको. फ्लोटची पिन जपून, ती धरणारे खांब पटकन तुटतात आणि तुटले तर सगळी बॉडीच गेली. पायलट स्क्रू (इंजिन मंद चालताना मिश्रण कमीजास्त करणारा) काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून किती आटे जातो ते लिहून ठेवा, नंतर परत तेवढाच उघडायचा.

जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका, कळकळीने सांगतो. मेन जेटचं भोक मिलिमीटरपेक्षा बारीक, मंद चालीसाठीच्या पायलट जेटचं तर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, थोडं मोठं झालं की इंजिन कायम जास्त पेट्रोल पिणार. कार्ब क्लीनर मारा, भिजू द्या, मग वायरीतला तांब्याचा एकच धागा घाला आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. डोळ्यांवर सेफ्टी चष्मा हवाच, स्प्रे एका भोकात मारला की दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो.

आता टिकेल की नाही, ते गंज कुठे लागलाय त्यावर आहे. कपाच्या तळाला खड्डे असतील तर घासून साफ करा, कपात पेट्रोल भरून तासभर पेपरवर ठेवा, पेपर कोरडा राहिला तर कप चालेल. पॅकिंगची कड खडबडीत असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर कड सपाट घासा. नीडलच्या रबरी टोकावर गोल चर दिसला तर नीडल बदला. पण नीडल बसते ती सीटच खाल्ली असेल, किंवा इतकं करूनही पायलटच्या वाटेतून स्प्रे बाहेर येत नसेल, तर मात्र नवीनच घ्या. नागदेवी स्ट्रीटला, मुंबईतल्या मशीनच्या सामानाच्या बाजारात, जाताना जुना सोबत न्या, बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि हवेच्या तोंडाचं माप जुळलं पाहिजे.

टाकीत गंज असेल तर ती आधी साफ करा, नाहीतर चार दिवसांत परत तेच. आणि यापुढे काम झालं की कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, उरलेलं कपाच्या ड्रेन स्क्रूने काढा. चालवायचं उघड्यावरच, बंद पार्किंगमध्ये कधीच नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

प्रश्न : कपाला बारीक भोक पडलंय, एपॉक्सी पुटी लावून चालेल का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : नको. साधी पुटी पेट्रोलमध्ये हळूहळू मऊ पडते, सुटली की पेट्रोल गरम इंजिनवर. कप सुटा मिळत असेल तर तेवढाच बदला.