देव प्रेमळ आहे, तर ख्रिस्ती धर्मात नरक कशासाठी?

बायबलमधलं मत्तय 25:41 पाहा: नरकाचा हा सार्वकालिक अग्नी मुळात सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेला आहे. माणूस तिथे पोचतो तो देवाला शेवटपर्यंत नाकारून. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद 1033) नरक म्हणजे देवापासून स्वतःहून कायमचं तोडून घेणं. प्रेम जबरदस्तीनं करवून घेता येत नाही, म्हणून नकाराची मुभाही खरी हवी. शिवाय अन्यायाचा हिशेब कधीतरी व्हायलाच हवा.

लोकांची नेहमीची गफलत म्हणजे सैतानाला नरकाचा राजा समजणं. बायबलच्याच प्रकटीकरण 20:10 मध्ये तोच शिक्षा भोगतो! कॅथलिकांची परगेटरी (मृत्यूनंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) वेगळी, तिथून सुटका ठरलेली. आग खरी की प्रतीकात्मक यावर एकमत नाही. काही प्रोटेस्टंट तर दुष्टांचा अखेर समूळ नाशच होतो असं मानतात.