नोकरीत खंड आणि क्षेत्रबदल: रेझ्युमे कोणत्या पद्धतीने मांडावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. लेखा विभागात आठ वर्षे नोकरी झाली, त्यानंतर घरच्या आजारपणामुळे दोन वर्षांचा खंड पडला, त्या काळात तुम्ही डेटा विश्लेषणाचे शिक्षण घेतले आणि आता डेटा ॲनालिस्टच्या पदांसाठी अर्ज करायचे आहेत. एका मित्राचा सल्ला आहे की खंड नजरेत येऊ नये म्हणून कौशल्याधारित रेझ्युमे करावा. दुसऱ्याने दोन स्तंभांचा, चिन्हांनी आणि रंगीत पट्ट्यांनी सजवलेला तयार साचा पाठवला आहे. भरतीच्या कामात अनेक वर्षे अर्ज वाचण्यात घालवल्यामुळे मी आग्रहाने सांगेन की या दोन्हींपैकी काहीही निवडू नका. तुमच्यासाठी संमिश्र पद्धत योग्य आहे आणि तीही साध्या, एकाच स्तंभाच्या मांडणीत.

प्रचलित पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिली उलट कालक्रमाची: सध्याची किंवा शेवटची नोकरी सर्वांत वर, त्याखाली आधीची, आणि प्रत्येक नोकरीखाली तिथे केलेले काम. दुसरी कौशल्याधारित: कामे कौशल्यांच्या शीर्षकांखाली एकत्र केलेली असतात आणि नोकऱ्यांची यादी शेवटी दोन-चार ओळींत, पुष्कळदा तारखांशिवाय, उरकलेली असते. तिसरी संमिश्र: वर तीन-चार ओळींचा सारांश आणि मोजकी कौशल्ये, आणि त्याखाली उलट कालक्रमाने संपूर्ण कार्यानुभव. एकाच क्षेत्रात सलग वाढत गेलेल्या माणसाला पहिल्या पद्धतीपलीकडे जाण्याचे काही कारण नाही. तुमच्यापुढचा खरा निर्णय दुसरी की तिसरी, एवढाच आहे.

कौशल्याधारित पद्धतीला माझा विरोध का आहे, ते सविस्तर सांगतो, कारण खंड पडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हाच सल्ला दिला जातो. लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ मध्ये ३० भरती-व्यावसायिकांच्या नजरेचा मागोवा घेणारा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिल्या निर्णयापूर्वी एका रेझ्युमेवर सरासरी सुमारे ६ सेकंद खर्च झाल्याचे आढळले आणि २०१८ मध्ये त्याच संस्थेने हा आकडा ७.४ सेकंद असल्याचे सांगितले. सेकंदांच्या आकड्यापेक्षा मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यातला बहुतेक वेळ नाव, सध्याचे पद व संस्था, आधीचे पद व संस्था, त्या नोकऱ्यांच्या तारखा आणि शिक्षण एवढ्याच जागी गेला होता. कौशल्याधारित रेझ्युमेमध्ये नेमक्या याच गोष्टी तळाशी ढकललेल्या किंवा गाळलेल्या असतात. वाचणारा त्या शोधतो, पटकन सापडल्या नाहीत की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो "इथे काय झाकले आहे?" हा. दोन वर्षांचा खंड लिहिला असता तर तो दोनच वर्षांचा दिसला असता. न लिहिल्यामुळे वाचणारा तो हवा तेवढा मोठा कल्पू शकतो.

याहून गंभीर अडचण अशी की कौशल्य कुठे वापरले हे कळल्याशिवाय त्याचे वजन ठरवता येत नाही. "अहवाल-निर्मिती" या शीर्षकाखाली तुम्ही लिहिलेले वाक्य आठ वर्षांच्या नोकरीतले आहे की एखाद्या ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या स्वाध्यायातले, हे वाचणाऱ्याला कसे समजावे? तुमच्याकडे खरा अनुभव असताना तो संशयाच्या खात्यात का टाकायचा?

आता संमिश्र पद्धत तुमच्या बाबतीत कशी दिसेल ते पाहू. वरचा सारांश तीन-चार ओळींचाच ठेवा आणि त्यात विशेषणे टाळा. मेहनती, जिद्दी, संघभावना असलेला असे लिहिलेले अर्ज इतके येतात की ती ओळ वाचलीच जात नाही. त्याऐवजी काहीसे असे लिहावे: "लेखा आणि आर्थिक अहवालांचा आठ वर्षांचा अनुभव, एसक्यूएल, पायथन आणि पॉवर बीआयचे प्रशिक्षण पूर्ण, विक्री आणि खर्चाच्या विश्लेषणाशी संबंधित डेटा ॲनालिस्ट पदाच्या शोधात." एवढ्यात तुम्ही कुठून आलात, हातात काय आहे आणि कुठे जायचे आहे, हे तिन्ही कळते. त्याखाली कौशल्यांची एक-दोन ओळींची नोंद पुरे. कौशल्यांपुढे तारे किंवा टक्केवारीच्या पट्ट्या काढू नका. पायथन ८० टक्के येते याचा अर्थ कोणालाही लावता येत नाही आणि मुलाखतीत तो आकडा तुमच्याच अंगावर येतो.

खरी मेहनत कार्यानुभवाच्या भागात आहे. क्षेत्र बदलणारे बहुतेक लोक जुन्या नोकरीचे वर्णन जुन्याच भाषेत ठेवतात आणि वरचा सारांश तेवढा नवा लिहितात, त्यामुळे रेझ्युमेचे दोन तुकडे पडतात. समजा, तुमच्या आत्ताच्या रेझ्युमेत अशी ओळ आहे: "महिनाअखेरीचे ताळमेळ आणि शाखानिहाय अहवाल तयार करण्याची जबाबदारी." ही ओळ खोटी नाही, पण तीत फक्त पदाची व्याख्या आहे. त्या पदावर बसलेल्या कोणीही तीच ओळ लिहिली असती. तेच काम असे लिहून पाहा: "तीन शाखांच्या विक्री-नोंदी एक्सेलच्या पॉवर क्वेरीने एकत्र आणून महिनाअखेरीचा ताळमेळ चार दिवसांऐवजी दीड दिवसात पूर्ण होईल अशी पद्धत बसवली, फरक आढळणाऱ्या नोंदींचा वेगळा तक्ता दरमहा व्यवस्थापकांना दिला." आकडे अर्थातच तुमचे खरे हवेत, आणि प्रत्येक आकड्यामागची हकीकत मुलाखतीत दोन मिनिटे सांगता आली पाहिजे. जिथे आकडा नाही तिथे तो ओढूनताणून आणू नका, काय बदलले ते शब्दांत लिहा. या दुसऱ्या ओळीत वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा एकत्र करणे, तो स्वच्छ करणे, विसंगती शोधणे आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचवणे या चारही गोष्टी आल्या. ॲनालिस्टचे रोजचे काम दुसरे काय असते? तुमच्या आठ वर्षांत अशी कामे निश्चित सापडतील. ती प्रत्येक नोकरीखाली आधी लिहा आणि कर-विवरणपत्रे, बिले तपासणे यांसारखी कामे शेवटी एका ओळीत आटोपा.

खंडाबद्दल संकोच बाळगू नका. कार्यानुभवाच्या क्रमातच, नोकरीची नोंद करतो तशी, त्याची नोंद करा: "कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम", पुढे महिना आणि वर्ष, आणि त्याखाली एक-दोन ओळी, ज्यांत त्या काळात पूर्ण केलेला अभ्यासक्रम आणि केलेला प्रकल्प येईल. आजारपणाचा तपशील लिहिण्याची गरज नाही, तो तुमचा खासगी विषय आहे. अशी नोंद आता कोणाला विचित्रही वाटत नाही. लिंक्डइनने २०२२ मध्ये अशा विरामासाठी प्रोफाइलमध्ये स्वतंत्र सोय दिली. काही जण महिने गाळून नुसती वर्षे लिहितात, म्हणजे खंड लहान दिसावा. अनुभवी वाचकाला ही युक्ती ओळखता येते आणि मग बाकीच्या तारखांवरचाही त्याचा विश्वास उडतो. त्यामुळे सर्व नोंदींत महिना आणि वर्ष एकाच पद्धतीने द्या. महिना अक्षरांत लिहिणे बरे, कारण ०३/०४ हे कुठे ३ एप्रिल असते, तर कुठे ४ मार्च.

आता मित्राने पाठवलेल्या सजवलेल्या साच्याविषयी. मोठ्या संस्थांत तुमचा अर्ज माणसाच्या आधी अर्ज-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरकडे जातो. ते फाइलमधला मजकूर बाहेर काढते आणि नाव, संपर्क, संस्था, पद, तारखा अशा रकान्यांत बसवण्याचा प्रयत्न करते. दोन स्तंभ असतील तर काही प्रणाली डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ सलग वाचतात, आणि तुमच्या पदनामाला भाषांची यादी चिकटते. चौकटींत, चित्रांत किंवा पानाच्या शीर्षपट्टीत टाकलेला मजकूर काही वेळा वाचलाच जात नाही. फोन क्रमांक शीर्षपट्टीत असल्यामुळे संपर्काचा रकाना रिकामा राहिलेले अर्ज मी पाहिले आहेत, आणि योग्य उमेदवाराला फोनच करता येऊ नये याचे मला फार वाईट वाटत असे. सर्वच प्रणाली सारख्या नसतात आणि नव्या प्रणाली पुष्कळ सुधारल्या आहेत, पण समोर कोणती आहे हे अर्जदाराला कळत नसल्यामुळे साधी मांडणी हाच सुरक्षित मार्ग आहे. तुमच्या फाइलची परीक्षा घरीच घेता येते. पीडीएफ उघडा, सर्व मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मजकूर योग्य क्रमाने, काहीही न गळता वाचता आला, तर बहुतांश धोका टळला.

ठरावीक शब्द, म्हणजे कीवर्ड, नसले की हे सॉफ्टवेअर अर्ज आपोआप बाद करते अशी जी भीती पसरवली जाते, तिच्या आहारी मात्र जाऊ नका. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुधा फॉर्ममधल्या थेट प्रश्नांमुळे: आवश्यक परवाना आहे का, त्या देशात काम करण्याचा अधिकार आहे का, अशा प्रश्नांना "नाही" उत्तर दिल्यामुळे. कीवर्डचा उपयोग मुख्यतः भरती करणाऱ्याला आलेल्या अर्जांत शोध घेण्यासाठी होतो. जाहिरातीत "डॅशबोर्ड" असेल आणि तुम्ही ते काम केले असेल, तर तुमच्या रेझ्युमेतही "डॅशबोर्ड" हाच शब्द ठेवा. पांढऱ्या अक्षरांत शब्दांची रास लपवणे ही फसवणूक आहे, आणि मजकूर बाहेर काढल्यावर ती उघडी पडते.

शीर्षके नेहमीचीच ठेवा: कार्यानुभव, शिक्षण, कौशल्ये, प्रकल्प. "माझा प्रवास" अशा शीर्षकाने सॉफ्टवेअरही गोंधळते आणि माणूसही. अक्षरे १० ते १२ पॉइंटची असावीत. जाहिरातीत वर्ड फाइल मागितली असेल तर वर्ड, अन्यथा मजकूर निवडता येईल अशी पीडीएफ पाठवा, आणि फाइलच्या नावात तुमचे नाव व पद असू द्या. लांबीबाबत, आठ-दहा वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरते, पण प्रकल्पांसह दोन पाने झाली तरी हरकत नाही. एक पान आणि वर चार ओळी अशी स्थिती मात्र टाळावी. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि फोटो मागितल्याशिवाय देऊ नयेत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये भेदभावाचा आरोप टाळण्यासाठी भरती करणाऱ्यांना फोटो नकोच असतो.

तुमच्या प्रश्नाखाली आणखी काही जणांनी आपापली परिस्थिती मांडली आहे, म्हणून थोडक्यात त्यांच्यासाठी. नुकतेच शिक्षण संपलेल्यांनी उलट कालक्रमच ठेवावा, फक्त शिक्षण आणि प्रकल्प वर आणावेत. अनेक लहान कंत्राटी कामे केलेल्यांनी ती "स्वतंत्र व्यावसायिक" अशा एकाच शीर्षकाखाली, एकूण कालावधी देऊन, ग्राहकवार मांडावीत, म्हणजे दर चार महिन्यांनी नोकरी सोडल्यासारखे दिसणार नाही. एकाच संस्थेत बढती मिळालेल्यांनी संस्थेचे नाव एकदाच लिहून त्याखाली दोन्ही पदे तारखांसह द्यावीत. ती बढती हीच त्यांची सर्वांत बोलकी ओळ आहे. प्राध्यापक किंवा संशोधक पदासाठी रेझ्युमे चालत नाही, तिथे प्रकाशने, अध्यापन आणि संशोधन-निधी यांची संपूर्ण नोंद असलेला सीव्हीच लागतो, आणि तो कित्येक पानांचा असू शकतो. संस्थेने स्वतःचा नमुना ठरवून दिला असेल, किंवा युरोपासचा (युरोपीय संघाचा ठरावीक सीव्ही) नमुना स्पष्टपणे मागितला असेल, तर वर मी लिहिलेले बाजूला ठेवून तो नमुनाच भरावा. कौशल्याधारित पद्धत मी कोणाला सुचवेन, तर ज्यांचा बहुतेक अनुभव विनावेतन सामाजिक कामातून किंवा घरच्या व्यवसायातून आला आहे आणि ज्यांच्याकडे पदनामेच नाहीत त्यांना. पण त्यांनीही प्रत्येक कामापुढे ते कुठे आणि केव्हा केले ते लिहावे.

तुमच्याकडे परत येतो. अर्ज पाठवण्यापूर्वी रेझ्युमे, लिंक्डइन प्रोफाइल आणि प्रत्येक कंपनीचा ऑनलाइन फॉर्म या तिन्ही ठिकाणी पदनामे आणि तारखा तंतोतंत जुळवून घ्या, विशेषतः विरामाच्या आधीच्या नोकरीचा शेवटचा महिना. पार्श्वभूमी-पडताळणीत जुनी कंपनी तिच्या नोंदीतली तारीख कळवते, तुमच्या आठवणीतली नव्हे, म्हणून कार्यमुक्तीचे पत्र समोर ठेवूनच ती तारीख लिहा. सारांशाचा आणि त्या आठ वर्षांतल्या कामांच्या ओळींचा कच्चा खर्डा तयार झाला की कंपन्यांची नावे काढून इथे टाका, मी ओळ न् ओळ पाहून देईन.