वाटाघाट: पाट्यावरचा आणि चुलीवरचा शब्द

दर्यापूर तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, इंडोनेशियातील आचे प्रांताच्या शांतता कराराविषयी लिहिताना फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांना ‘लवाद’ म्हणावे की ‘मध्यस्थ’, आणि ‘वाटाघाटी’ हा शब्द वाट व घाट यांपासून झाला काय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: मध्यस्थ. लवाद निवाडा देतो आणि तो उभय पक्षांना पाळावा लागतो. मध्यस्थ बोलणे घडवून आणतो, मान्य करणे न करणे पक्षांच्याच हाती असते. गावच्या तंटामुक्ती समितीत बसलेल्या कोणालाही हा फरक कळतो, तरी परदेशी बातमी आली की ‘लवादाची भूमिका बजावली’ हे वाक्य छापून येतेच, आणि ते वाचताना दर वेळी संताप होतो.

खरा रस दुसऱ्या प्रश्नात आहे. डोंगरातल्या बिकट वाटेचे रूपक सांगून ‘वाट अधिक घाट’ अशी फोड करणारे जाणकार पुष्कळ आहेत. ती फोड मला मुळीच मान्य नाही. घाट पुल्लिंगी आहे, मग सामासिक शब्द स्त्रीलिंगी कसा झाला, आणि मधला ‘आ’ कोठून आला? ओढणे आणि ताणणे मिळून ओढाताण होते, तशीच वाटणे आणि घाटणे मिळून वाटाघाट होते, असे माझे ठाम मत आहे.

आई पाट्यावर मिरच्या, लसूण, जिरे वाटायची तेव्हा वरवंटा त्याच गोळ्यावरून पुन्हा पुन्हा फिरे, आणि कडेला सरकलेले ती बोटांनी मध्ये ओढून घेई; ज्वारीचा घाटा चुलीवर असला की गुठळी राहू नये, बुडाला लागू नये म्हणून तिचा चाटू थांबत नसे. एकच विषय अनेकांनी अनेकदा फिरवून एकजीव करणे हा अर्थ या दोन क्रियांत पुरेपूर आहे, रस्त्यात नाही.

हेलसिंकीत २००५ साली हेच घडले. राजकीय पक्षांचा पसारा देशभर असावा अशी इंडोनेशियाच्या कायद्याची अट होती, आणि सरकारशी लढणाऱ्या मुक्त आचे चळवळीला प्रांतापुरते पक्ष हवे होते. ही गुठळी फोडता फोडता बोलणी मोडायची वेळ आली. अखेर १५ ऑगस्टच्या करारात स्थानिक पक्षांना वाट करून देण्याचे कबूल झाले, आणि २००९ च्या निवडणुकीत असे सहा पक्ष उतरले. कोलंबियाचे सरकार आणि फार्क बंडखोर यांच्या हवानातील बोलण्यांत नॉर्वे आणि क्युबा हे हमीदार होते (त्यांनाही लवाद म्हणू नये), पण २०१४ मध्ये बारा-बारांच्या पाच तुकड्यांत साठ हिंसापीडित माणसे त्या मेजापाशी आणली गेली, तेव्हा मला पाट्याच्या कडेचे वाटण मध्ये ओढणारी बोटे आठवली. तिथल्या माणसांना बाहेर ठेवून दोन सेनापतींनी केलेल्या बोलण्याला सौदा म्हणावे, तह म्हणावे. वाटाघाट हा शब्द त्यासाठी खर्च करू नये.

‘घाटणे’ हे क्रियापद स्वयंपाकाखेरीज अन्यत्र कोणाच्या घरी अजून बोलले जात असेल, तर पूर्ण वाक्यासह अवश्य कळवावे.