ओट्यावरून उतरताना आईचा पाय वळला. घोटा सुजलाय, पण बोटं हलतात. म्हणजे आईचं हाड मोडलेलं नाही ना?

बोटं हलतात म्हणून हाड शाबूत, असं धरून चालू नका. मी अमळनेरला एक्स-रे काढतो. टेबलावरच्या पेशंटपेक्षा सोबतचेच ठासून सांगतात, "बोटं हालतस ना, मंग हाड मोडेल नही." बोटं हलवणारे बरेचसे स्नायू वर पोटरीत असतात. घोट्याशी हाड तडकलं तरी ते चालूच राहतात. सुजेवरूनही काही ठरत नाही, नुसत्या लचकेतही पाय भोपळ्यासारखा होतो.

ओट्यावरून उतरताना पाय वळला म्हणताय, तर एका बोटाने चाचपून बघा. घोट्याला आत-बाहेर जी दोन हाडं वर आलेली असतात, त्यांच्या टोकापासून मागच्या कडेने वर साधारण 6 सेंटिमीटर दाबत जा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर एक उंचवटा लागतो, तोही दाबा. हाडावर नेमक्या जागी त्या कळवळल्या, तर फोटो काढायचाच. पडल्यावर आणि आत्ताही लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, तरीही काढायचा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेली ही परीक्षा आहे. मात्र शुगरमुळे पाय बधिर असतील तर तिच्यावर विसंबू नका, थेट फोटो काढा.

पाय वाकडा दिसत असेल किंवा जखमेतून हाड डोकावत असेल तर चाचपणी नकोच, 108 ला फोन करा. करकर वाजतं का ते बघायला पाय हलवू नका.

आणि चोळायला-बांधायला कुणाकडे नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एक पोरगा आला होता. कोपरावर बांबूच्या कामट्या करकचून आवळलेल्या, बोटं गार आणि पांढुरकी. फोटो राहिला बाजूला, आधी डॉक्टरांना बोलावून पट्टी कापली.

आईंची जोडवी आत्ताच साबण लावून काढा. सौभाग्याचं म्हणून बायका नाही म्हणतात, मग सूज चढली की ती कापावी लागतात. पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं लावा.

फोटोत काही दिसलं नाही, पण आठवड्यानेही पाय टेकवत नसेल, तर पुन्हा दाखवा. बारीक तडा पहिल्या फोटोत कधी कधी निसटतो. जाताना जुना फोटो सोबत न्या.