ट्रॅक-डेसाठी जुन्या स्विफ्टमध्ये चार पॉइंटचा हार्नेस बसवून घ्यावा का?

तुमची परिस्थिती अशी: जुनी स्विफ्ट रत्नागिरीत रोज वापरता आणि तीच चालवत कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक-डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर आपलीच गाडी वेगात चालवायच्या दिवसाला, न्यायची आहे. चार पॉइंटचा हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट) घेऊन ठेवलाय, आणि मिरजोळे एमआयडीसीतला ओळखीचा वेल्डर मागच्या फ्लोअरला हुक मारून द्यायला तयार आहे.

नका बसवू. चिपळूणला माझं गॅरेज आहे, ट्रॅकसाठी गाड्या तयार करून देतो, तरी हार्नेसच्या कामाला मी पटकन हो म्हणत नाही.

चार पॉइंटमध्ये दोन पट्टे खांद्यावरचे, दोन कमरेचे, चारही मधल्या बकलला जोडलेले. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे ताणले जाऊन बकल वर ओढतात, कमरेचा पट्टा हाडावरून सुटून मऊ पोटावर चढतो आणि माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो. पोटातले अवयव आणि कंबरेचा मणका यांवर सगळा भार येतो. मांड्यांमधून जाणारे पट्टे हेच रोखायला असतात, म्हणून एफआयए (मोटर रेसिंगचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) 8853-2016 लेबलचे हार्नेस सहा पॉइंटचे असतात. एका खांद्याच्या पट्ट्यात मुद्दाम सैल होणारी घडी ठेवलेले काही चार पॉइंटचे हार्नेसही मिळतात, पण ते ठरावीक सीटसाठी बनवलेले असतात. स्वस्तात मागवलेला तुमचा त्यातला असण्याची शक्यता कमीच.

आता हुकाचं. एफआयएच्या नियमात खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून खाली जास्तीत जास्त 45 अंश जाऊ शकतात, आणि शिफारस साधारण 10 अंशांची आहे. मागच्या फ्लोअरला हुक मारला की हा कोन सहज ओलांडला जातो. मग धडकेत पट्टा तुम्हाला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो आणि मणका चेपला जातो. त्यासाठी सीटच्या मागे खांद्याच्या उंचीला आडवा पाइप लागतो, तोही नीट बांधलेल्या रोल केजचा, म्हणजे गाडीच्या आत बसवलेल्या पाइपांच्या सांगाड्याचा. नुसता हार्नेस बार (फक्त तो आडवा पाइप) घातला तर टपाला आधार मिळत नाही. गाडी उलटून टप खाली आला तर कंपनीच्या बेल्टमध्ये माणूस बाजूला कलू शकतो. हार्नेसमध्ये तो ताठ बसलेला राहतो आणि टप डोक्यावर येतो.

आणि पत्रा! आपल्याकडे समुद्रावरची खारी हवा, चार महिने ओली कार्पेट, फ्लोअरवर साचलेलं पाणी. वरून रंग चकचकीत असतो. हार्नेस सोडा, सीटचे बोल्ट बदलायच्या आधीसुद्धा कार्पेट आणि खालचा फोम पूर्ण काढा, सीटच्या पायांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) आसपास जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. ठणठणीत पत्र्यावर टक्क वाजतं. सडलेल्यावर आवाज बसका येतो, रंगाची खपली उडते आणि टोक आत जातं. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात ती बुडाली होती का, तेही तपासा. सीटच्या रुळांखाली, वायरिंगच्या जोडात बारीक सुकलेला गाळ सापडतो. असल्या फ्लोअरला हुक वेल्ड केला तर वेल्डच्या कडेचाच पत्रा फाटतो. एफआयएच्या पद्धतीत बॉडीवर बोल्ट लावायचा तर मागून किमान 3 मिमी जाडीची, 40 चौरस सेंटिमीटरची स्टील प्लेट लागते, कारण भार मोठ्या जागेवर पसरवायचा असतो.

गंजाच्या भीतीने आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. मिरकरवाड्याच्या आसपास ट्रॉलरचं सामान मिळतं, तिथून स्टेनलेसचे आयबोल्ट आणतात. दिसायला दणकट, गंजत नाहीत. पण स्टेनलेसच्या बोल्टवर ए2-70 लिहिलेलं असेल तर त्याची ताणशक्ती 700 मेगापास्कल, 8.8 ग्रेडच्या बोल्टची 800, आणि कायमचा ताणला जाण्याची मर्यादा 450 विरुद्ध 640. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही त्याचं तर काहीच सांगता येत नाही. हार्नेसबरोबर आलेले किंवा 8.8 मार्किंगचेच बोल्ट लावायचे, आणि गंज दिसला की बदलायचे.

शिवाय तुम्ही हीच गाडी आंबा घाट चढून कोल्हापूर, पुढे बंगळूरच्या हायवेने नेणार. रस्त्यावर घट्ट हार्नेसमध्ये वळणाच्या पलीकडे वाकून बघता येत नाही, म्हणून लोक तो सैल करतात, आणि सैल हार्नेस कंपनीच्या बेल्टपेक्षा वाईट. केज घातला तर हेल्मेटशिवाय त्याच्या पाइपवर डोकं आपटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय.

या वेळी कंपनीचाच बेल्ट ठेवा. सीट एकदोन खाचा मागे घ्या, बेल्ट लावा, खांद्याजवळ झटका देऊन लॉक करा आणि तो ताणलेला धरून सीट पुढे आणा. कंबर बऱ्यापैकी घट्ट बसते. हार्नेसचे पैसे ब्रेकवर घाला: नवे पॅड, चांगले टायर आणि ताजं डॉट 4 ब्रेक ऑइल. डॉट 4 कोरडं, म्हणजे पाणी न शोषलेलं, असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 वर येते, आणि आपल्या हवेत ते पाणी शोषतंच. करीवर लागोपाठ ब्रेक मारताना पेडल खाली जातं ते यामुळे. हेल्मेट फुलफेस घ्या, कुठलं मानक चालतं ते आयोजकांना विचारून.

पुढे खरंच वेगळी ट्रॅकची गाडी करायची झाली तर सगळं एकत्र करा: पाठ न झुकणारी बकेट सीट, केज, सहा पॉइंटचा हार्नेस आणि मानेचं हान्स (धडकेत हेल्मेटसकट डोकं पुढे फेकलं जाऊ न देणारं साधन). यातलं एक राहिलं तर बाकीचे थांबवा.

घेतलेल्या हार्नेसच्या लेबलचा आणि कार्पेट काढलेल्या फ्लोअरचा फोटो इथे टाका. लेबलवर मुदतीचं वर्ष असतं, आणि पत्र्याकडे बघून मी आणखी सांगू शकेन.