खालसा, निखालस, खलास

‘१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान खालसा झाले’ हे वाक्य चालेल का, असा प्रश्न आहे. नाही चालणार. तिथे महाराजांनी करारावर सही केली आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. खालसा करताना सही कोण मागतो?

‘गादी खाली झाली म्हणून खालसा’ ही व्युत्पत्ती जाणकार म्हणवणारेही सांगतात, तेव्हा हसू येते. रिकामे या अर्थाचा ‘खाली’ अरबीत वेगळ्याच धातूचा. खालसा आला ‘खालिस’वरून, म्हणजे शुद्ध, निर्भेळ. आणि हा शब्द मुळात रणांगणातला नव्हे, दप्तरातला. ज्या गावाचा वसूल जहागीरदार-इनामदाराचा हात न लागता थेट सरकारात जमा होई ते खालसा. ज्याचा वसूल दुसऱ्याला तोडून दिलेला ते दुमाला. म्हणून तर इंग्रजी अमलाखालचा तो ‘खालसा मुलूख’ आणि शेजारचा संस्थानी.

साताऱ्याला हे नेमके लागू पडते. ५ एप्रिल १८४८ ला आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक रेसिडेंट फ्रिअरच्या मते मान्य व्हायला हवा होता. डलहौसीने तो नामंजूर केला आणि साताऱ्याचा वसूल कंपनीच्या खजिन्यात वळला. उलट १८७५ साली बडोद्यात मल्हाररावांना पदच्युत केले, पण कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक देऊन सयाजीराव म्हणून गादीवर बसवले. राजा गेला, संस्थान राहिले. म्हैसूरचा कारभार १८३१ पासून १८८१ पर्यंत इंग्रजांनी हाकला आणि परत दिला. तेही खालसा नव्हे.

खरी मौज या शब्दाच्या गोतावळ्यात आहे. ‘खुलासा’ म्हणजे मुळात काढलेले सार. ‘खलास’ म्हणजे सुटका; आपण तिचा पार शेवट करून टाकला. ‘निखालस’मधला ‘नि’ नकाराचा नाही, नाहीतर अर्थ भेसळीचा झाला असता. ‘निव्वळ’, ‘निर्भेळ’ यांच्या संगतीने तो चिकटला असावा, असा माझा तर्क. कोणी खोडून दाखवावा.

शिखांचा खालसाही हाच. ‘शुद्धांचा पंथ’ एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. मला दुसरा अर्थ पटतो: मधल्या मसंदांना, म्हणजे गुरूच्या वतीने भेटी गोळा करणाऱ्या प्रतिनिधींना, वगळून थेट गुरूशी जोडलेले ते खालसा. अगदी महसुली भाषा! मग २९ मार्च १८४९ ला लाहोरात काय झाले, ते एका शब्दात दोनदा सांगता येते: खालसा राज्य खालसा झाले.