युरोव्हिजन यंग म्युझिशियन्समध्ये ऑस्ट्रियाच इतक्या वेळा का जिंकतो? मोझार्टचा देश म्हणून का?

नाही हो, मोझार्टच्या नावावर ते लोक चॉकलेटं विकतात, स्पर्धा जिंकायचं कारण वेगळं आहे. मी नोकरीसाठी काही वर्षं व्हिएन्नात होतो, तेव्हा मीपण आधी हेच धरून चाललो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही स्पर्धा १९८२ ला मँचेस्टरला सुरू झाली, साधारण दर दोन वर्षांनी होते, शाळा-कॉलेजच्या वयाची पोरं ऑर्केस्ट्रासोबत वेस्टर्न क्लासिकल वाजवतात आणि एकेका देशाचं टीव्ही चॅनल आपापला एक पोरगा किंवा पोरगी पाठवतं. २०२४ पर्यंत २१ वेळा झाली, त्यात ६ वेळा ऑस्ट्रिया. आणि सहाच्या सहा व्हायोलिनवाले! ज्या देशात घरटी पियानो आहे असं आपण समजतो त्यांना पियानोवर एकदाही पहिला नंबर नाही.

आता हे कोण ते बघा. १९८८ ला ज्युलियन राखलिन, वय वर्षं १३, जन्म लिथुआनियातला. १९९८ ला लिडिया बाइख, ती सेंट पीटर्सबर्गची. २००२ ला दालिबोर कारवाय, स्लोवाकियाचा. २००४ ला अलेक्झांड्रा सुम, जन्म मॉस्कोचा. २०१४ ला हे झियू ('हे' त्याचं आडनाव), तो तर चीनमधल्या छिंगदाओचा. म्हणजे पहिले पाचही बाहेर जन्मलेले. मग आले कशाला, तर शिकायला किंवा आईबापांबरोबर. यातले पहिले चौघं एकाच माणसाकडे शिकलेत, बोरिस कुशनीर, जे स्वतः कीव्हचे आणि सोव्हिएत युनियन सोडून व्हिएन्नात येऊन राहिले. हे झियू साल्झबर्गच्या मोझार्टेउममध्ये शिकत होता, मोझार्टचा संबंध आलाच तर एवढाच, संस्थेच्या पाटीवर.

आपल्याला हे नवीन वाटायला नको खरंतर. गायक अब्दुल करीम खाँसाहेब उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, राहिले मिरजेत. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातून कोल्हापूरला आले, शाहू महाराजांनी आश्रय दिला, आणि मग कोल्हापूर गाण्याचं गाव झालं. तिथल्या पाण्यात सूर होते म्हणून नाही. व्हिएन्नाचं अगदी तसंच आहे.

घरच्या मैदानाचा फायदा वगैरे म्हणाल तर तोही नाही. २००६, २००८, २०१०, २०१२ अशा लागोपाठ चार फायनल व्हिएन्नाच्या टाऊनहॉलपुढच्या चौकात झाल्या आणि चारही वेळा बाहेरचे जिंकले. घरी जिंकले ते फक्त १९९८ ला. २०२४ ला लिओनहार्ड बाउमगार्टनर जिंकला तो पार नॉर्वेत, बोडोला.

२०१२ च्या वेळी मी त्या चौकात होतो, उघड्यावर फुकट असतं त्यामुळे ही गर्दी, पाय दुखून आले. शेजारी एक आजीबाई घरून उशी घेऊन आलेल्या, प्रत्येक पोराचं वाजवून झालं की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने मार्क लिहायच्या. शेवटी नॉर्वेचा आयविंड रिंगस्टाड जिंकला, व्हायोला वाजवून, जे वाद्य ऑर्केस्ट्रात कायम व्हायोलिनच्या मागे दबलेलं असतं आणि ज्यावर तिकडे सरदारजीसारखे जोक मारतात. आजीबाईंनी पुठ्ठा बघितला, "ब्राचं?" म्हणाल्या (जर्मनमध्ये व्हायोलाला ब्राचं म्हणतात), पेन्सिलीने काहीतरी खोडलं आणि उशी काखेत मारून ट्रामच्या दिशेने निघाल्या.